बदनामी कुणाची, कहाणी कुणाची?

(वाचक गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी सांगितलं, अलीकडे काय वाचलं, काय पाहिलं, त्यावर बोला. काय आवडलं, काय नाही आवडलं, मोकळेपणाने सांगा. मी काही समीक्षक नाही. पुस्तक वाचताना मला राग येतो, रडू येतं, कधी मध्येच मिटून ठेवावंसं वाटतं, तेवढंच मी सांगू शकते. आज मी एक पुस्तक आणि तीन चित्रपट घेऊन आले आहे.

आपल्यात मुस्लिम समाजावरचं एखादं पुस्तक किंवा चित्रपट आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात आपली बदनामी तर नाही ना? हा प्रश्न उगाच पडत नाही. २०२३ साली 'द केरला स्टोरी' आला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत ३२ हजार मुलींचा आकडा फिरवला गेला. या आकड्याला अधिकृत आधार नाही, अशी सूचना चित्रपटाला जोडण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयापुढे आली. तोवर आकडा घरोघर पोचला होता. असं झाल्यावर माणसं सावध होणारच.

पण या सावधपणाची किंमत कोण मोजतं, ते बघा. आपल्या केंद्रावर पोटगीच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या एका ताईंना त्यांच्या भावाने सांगितलं, "आधीच लोक आपल्यावर सिनेमे काढतायत, तू कोर्टात जाऊन त्यात भर घालू नकोस." भाऊ वाईट माणूस नव्हता. बहिणीच्या मुलांची फी तोच भरत होता. पण समाजाची अब्रू सांभाळायचं काम त्याने बहिणीला दिलं आणि तिची पोटगी राहून गेली. म्हणून गेले काही महिने मी जे वाचते-पाहते, त्याला दुसरा प्रश्न विचारते. ही ज्या बाईची गोष्ट आहे, ती माझ्या शेजारी बसून हे पाहू शकेल का? पाहून झाल्यावर ती म्हणेल का, की हो, ही माझी गोष्ट आहे?

आधी पुस्तक. बानू मुश्ताक यांचा 'हार्ट लॅम्प' हा कथासंग्रह. मूळ कथा कन्नड, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार त्याला मिळाला. कन्नड पुस्तकाला पहिल्यांदाच, आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. यात बारा कथा आहेत, तीसेक वर्षांत लिहिलेल्या. बानू मुश्ताक हासनच्या. वकिली करतात, बंडाय साहित्य चळवळीतल्या आहेत. बायकांना मशिदीत जाण्याचा हक्क आहे, असं म्हटल्यावर त्यांच्यावर बहिष्कार घातला गेला. त्यामुळे बदनामी म्हणजे काय, हे त्यांना आपण सांगायची गरज नाही.

त्यातली 'ब्लॅक कोब्राज' म्हणजे काळे नाग ही कथा मी दोनदा वाचली. तीन मुली झाल्या म्हणून अशरफला रिक्षावाल्या नवऱ्याने टाकलं आणि दुसरं लग्न केलं. ती मुतवल्लीकडे अर्जामागून अर्ज करते, कुणी दाद देत नाही. शेवटी आजारी लेक मांडीवर घेऊन ती मशिदीच्या आवारात जाऊन बसते. न्याय मिळायच्या आत ती लेकच जाते. त्यानंतर मोहल्ल्यातल्या बायका मुतवल्लीला ज्या शिव्याशाप देतात, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. याच कथेवर गिरीश कासरवल्लींनी २००४ साली 'हसीना' हा चित्रपट केला आणि त्यातल्या भूमिकेसाठी तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण मला जास्त आवडली ती मुतवल्लीची बायको अमीना. एकामागून एक बाळंतपणं सोसून ती थकली आहे, ऑपरेशन करून घ्यायचं म्हणते आणि नवरा परवानगी देत नाही. अशरफचं जे झालं ते पाहिल्यावर ती कुणाला न विचारता ऑपरेशनला निघते. लेखिका यावर भाषण करत नाही. बाई घरातून निघाली, एवढंच दाखवते.

याच संग्रहातली आणखी एक कथा आपल्या पहिल्या प्रश्नालाच हात घालते. एका मुतवल्लीकडे त्याची बहीण वडिलांच्या मालमत्तेतला वाटा मागायला येते. हा वाटा कुराणाने दिलेला आहे, त्यात वाद नाही. तेवढ्यात एका मुसलमानाचं दफन चुकीच्या ठिकाणी झाल्याची बातमी येते आणि मुतवल्लीसाहेबांना सुटल्यासारखं वाटतं. ते समाजाचे कैवारी होऊन धावपळ करतात, बहिणीचा वाटा मागे पडतो. समाजाची इज्जत हा विषय कुणाच्या सोयीचा असतो, हे मला या कथेने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्या परिसंवादाने दाखवलं नव्हतं.

आता निराशा. २०२४ मध्ये आलेला 'हमारे बारह'. तो मी उशिरा पाहिला. त्याच्यावर कोर्टबाजी झाली, मुंबई उच्च न्यायालयाने काही बदलांसह प्रदर्शनाला परवानगी दिली. मी मुद्दाम मन मोकळं ठेवून बसले, कारण विषय आपलाच होता. बायकोच्या जिवाला धोका असतानाही नवरा गर्भपाताला नकार देतो आणि मुलगी कोर्टात जाते. म्हणजे अमीनाचाच प्रश्न: माझ्या शरीराचा निर्णय कुणाचा?

मग मी निराश का झाले? कारण हा चित्रपट बाईच्या जिवाची काळजी करता करता तिच्या मुलांची मोजणी करू लागतो. नावातच मोजणी आहे. एका आजारी बाईचा प्रश्न 'यांची संख्या किती वाढते' या प्रश्नाला जोडला की ती बाई बाजूला पडते, प्रेक्षक घाबरून किंवा चिडून बाहेर येतो आणि तिला दवाखान्यात कुणी नेलं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मोजायचंच असेल तर नीट मोजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुस्लिम स्त्रीचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.३६ वर आला. हिंदू स्त्रीचा ३.३ वरून १.९४ वर आला. म्हणजे अमीनासारख्या लाखो बायका स्वतःहून निघाल्या, तेही कुणी त्यांच्यावर चित्रपट काढण्याआधी. या बायकांची हिंमत चित्रपटाला दिसायला हवी होती.

तिसरा 'हक'. सुपर्ण वर्मा यांचा हा चित्रपट नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. यामी गौतम आणि इम्रान हाश्मी. शाहबानो खटल्यावरून प्रेरित. याच्याबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. आवडलं ते असं की यातली शाझिया आपली बाजू श्रद्धेच्या आत उभी राहून मांडते. धर्म सोडा मग हक्क मिळेल, असं तिला कुणी सांगू शकत नाही. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बहुतेक बायका अशाच बोलतात. यामी गौतमचं कामही मनापासून केलेलं आहे.

खटकलं ते वय. पडद्यावरची नायिका तरुण आहे. खऱ्या शाहबानोंचं लग्न १९३२ चं. १९७५ मध्ये वकील नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढलं, म्हणजे ४३ वर्षांच्या संसारानंतर. १९७८ मध्ये त्यांनी इंदूरच्या कोर्टात महिना ५०० रुपये मागितले तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी नवऱ्याने तलाक दिला. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम केला. सवत आली म्हणून दुखावलेली तरुण बायको लोकांना लवकर कळते. साठी ओलांडलेली आजी मात्र औषधपाण्यापुरते पैसे मागायला कोर्टाची पायरी चढते, ही गोष्ट चित्रपटवाल्यांना आकर्षक वाटली नसावी. पण केंद्रावर येऊन बसा. अशा बायका तुम्हाला दर आठवड्याला दिसतील.

दुसरं असं की निकाल लागला म्हणजे जिंकलो, असा भाव मनात घेऊन आपण थिएटरबाहेर पडतो. शाहबानोंच्या आयुष्यात निकालानंतर जे झालं, ते निकालाआधीपेक्षा कठीण होतं. रस्त्यावर मोर्चे निघाले, दबाव आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच निकाल नको असल्याचं जाहीर केलं. १९८६ मध्ये नवा कायदा झाला. कोर्टात जिंकलेल्या बाईला मोहल्ल्यात एकटी पाडलं की काय होतं, हे आपल्या चळवळीला पाठ आहे. म्हणून मला त्या नंतरच्या सहा महिन्यांचा चित्रपट हवा होता. आणि इथे बसलेल्या बहिणींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं आहे की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. नव्या संहितेत ते कलम १४४ आहे. चित्रपट विसरलात तरी चालेल, हे कलम लक्षात ठेवा.

शेवटी आनंदाची गोष्ट. रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला. मालेगावच्या पोरांनी हौसेने सिनेमे कसे काढले, त्याची ही गोष्ट, खऱ्या माणसांवर बेतलेली. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपटही मी त्यानंतर पाहिला. सायकलवर कॅमेरा धरून पळणारे, बैलगाडीची क्रेन करणारे हे लोक. यंत्रमागावर राबणारा एक किडकिडीत माणूस सुपरमॅन होतो. मी पोट धरून हसले आणि शेवटी रडलेही. मालेगाव म्हटलं की बातम्यांत दंगल नाहीतर बॉम्बस्फोट. इथे मालेगाव म्हणजे मैत्री, रुसवेफुगवे, पैशांची चणचण आणि सिनेमाचं वेड. कुणाला उत्तर देण्यासाठी काढलेला हा चित्रपट नाही, म्हणून तो मोकळा वाटतो.

पण माझा दुसरा प्रश्न मी इथेही विचारला. त्या सिनेमांत काम करायला नटी बाहेरून आणावी लागे, कारण गावातल्या बायका कॅमेऱ्यापुढे येत नसत. माहितीपटात तर गावातल्या बायका जवळजवळ दिसतच नाहीत. मालेगावच्या मुलींनाही सिनेमाचं वेड असेलच की. त्यांची गोष्ट अजून यायची आहे.

हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला तो १९६६ मध्ये. आधी गोष्ट लिहिली, मग मोर्चा काढला. आपल्या कामात पुस्तकं आणि चित्रपट हा फावल्या वेळेचा विषय नाही, तो सुरुवातीपासून कामाचाच भाग आहे.

म्हणून एक सूचना करते. पुढच्या बैठकीत आपण अशरफची कथा मोठ्याने वाचू. वाचन चार भिंतींत आपल्यापुरतं नको, मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावून करू. अनुवाद करायला मी तयार आहे, हिंदुस्तानीत वाचायला कुणीतरी पुढे या. आणि त्या ताईंना मी निरोप पाठवला आहे, भावालाही सोबत घेऊन या म्हणून. दोघांनी मिळून ऐकावं आणि मग ठरवावं, बदनामी नेमकी कुणी केली.