बशीतले वर्तुळ

पाऊस सुरू झाला की कार्ल्याच्या डोंगरपायथ्याशी टाकळा उगवतो. अम्मी त्याची लसूण घालून भाजी करायची. संस्कृतात त्याला ‘दद्रुघ्न’, म्हणजे नायटा घालवणारा, म्हणतात. त्या भरवशावर मी पायाच्या जखमेवर त्याचा पाला बांधून आठवडा काढला. जखम चिघळली. नायटा होतो बुरशीने. माझ्या जखमेत होते जिवाणू!

प्रयोगशाळेत पाल्याचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. त्यात भिजवून वाळवलेली कागदी चकती जिवाणू पसरलेल्या बशीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी भोवतालचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकतीही हवी. नाहीतर त्याचे श्रेय पाल्याला जायचे. शिवाय बशी म्हणजे शरीर नव्हे.

टाकळ्याची भाजी मी आजही आवडीने खातो. जखम मात्र डॉक्टरांना दाखवतो.