फोनवरच्या बैठकीत कोण गप्प आहे?

मी ताम्हिणीतून बोलतेय. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. ओढे भरले, घाटात दरड आली की या वाडीची बाई त्या वाडीला जाऊ शकत नाही. पण पंचसूत्रीतलं पहिलंच सूत्र आहे, नियमित बैठक. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही फोनवर बैठक घ्यायला शिकलो. पावसाळ्यात ते अजूनही कामाला येतं.

एक प्रसंग सांगते. ऐन आषाढात अशीच बैठक होती. मी भराभर हिशेब वाचला आणि विचारलं, "सगळ्यांना मान्य?" दोघी-तिघी "हो" म्हणाल्या. मी पुढे गेले. आमच्या एका ताईला भातलावणीच्या मजुरीसाठी कर्ज हवं होतं. तिची रेंज मध्येच गेली. तिचा विषय राहून गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. चार दिवसांनी कळलं, तिनं बाहेरून जादा व्याजानं पैसे उचलले.

रेंजला दोष देऊन मी सुटले असते. पण बैठक मी चालवत होते. विंझाईच्या देवळात गोल बसलं की कोण गप्प आहे, कोण उठून गेली, ते दिसतं. फोनवर ते विचारावं लागतं.

आता आम्ही आदल्या दिवशीच बैठकीचे विषय ग्रुपवर बोलून पाठवतो, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. विषय तीनच. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत बंद पडते, तेवढ्यात उरकायचं. रेंज आहे तोवर कर्जाचा विषय आधी घ्यायचा. बोलणारीनं सोडून बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा. कॅमेरा बंद ठेवला तर नेट कमी लागतं. जिच्याकडे फोन नाही, ती शेजारणीजवळ बसते आणि तिची हजेरी वेगळी लागते.

"मान्य का?" असं मोघम विचारत नाही. नाव घेऊन विचारतो, "अक्का, तुमचा हप्ता कोणत्या तारखेला जमेल?" मग चुलीपुढे बसलेली अक्कासुद्धा कान देते. आपली पाळी येणार हे माहीत असलं की बाई ऐकते.

कामंही वाटलीत. एक हिशेब वाचते, दुसरी घड्याळ बघते, तिसरी कोण तुटलं ते बघते आणि तिला लगेच साधा फोन लावते. जिचं कर्ज आहे तिचं ऐकल्याशिवाय निर्णय होत नाही. झालेलं सगळं वहीत लिहितो. पुढं समोरासमोर भेटलो की वाचून दाखवतो आणि मगच सह्या.

कोण तुटलं ते बघायचं काम आता त्या ताईकडेच आहे. ती एकीलाही सुटू देत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत जी बराच वेळ बोलली नाही, तिला नावानं हाक मारा.