शक्तिमान का थकला?

(तेरखेडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तेरखेड्यासारख्या गावात दूरचित्रवाणीवरील मुलांच्या एका मालिकेवर व्याख्यान व्हावे, हे जुन्या कार्यकर्त्यांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. पाण्याचा प्रश्न आहे, पीकविम्याचा आहे, शोभेच्या दारूच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांचा आहे. आणि बोलण्याचा विषय कोणता, तर 'शक्तिमान' ही मालिका पुढे पुढे का घसरली! परंतु ज्या मुलांनी ती मालिका पाहिली, ती आज तिशी-पस्तिशी ओलांडलेली माणसे आहेत. ग्रामपंचायतीच्या खुर्चीपासून कारखान्याच्या शेडपर्यंत सर्वत्र तीच पिढी उभी आहे. संकटात सापडलेल्या माणसासाठी कोण धावून येते, या प्रश्नाचे पहिले उत्तर तिला कोणी शिकवले, हा विचार राजकारणाबाहेरचा कसा म्हणावा?

'शक्तिमान'चा पहिला भाग दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी दाखविण्यात आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, १९९० साली संसदेने मंजूर केलेला आणि सात वर्षे धूळ खात पडलेला प्रसारभारती कायदा अमलात आला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. तरीही या मालिकेचा उदय आणि ऱ्हास समजून घेताना या दोन तारखा शेजारी ठेवणे उपयोगी ठरते.

प्रारंभीच्या 'शक्तिमान'मध्ये काही चांगले होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नायक उडत असे, गरगर फिरत असे, पंचमहाभूतांची आणि कुंडलिनीची शक्ती त्याच्या अंगी होती. हा सारा भाग अद्भुताचा. परंतु त्याचे दुसरे रूप होते गंगाधर नावाच्या, दात पुढे आलेल्या, भित्र्या, हास्यास्पद छायाचित्रकाराचे. तो 'आज की आवाज' नावाच्या वर्तमानपत्रात नोकरी करी, आणि त्याच कचेरीत गीता विश्वास ही धीट बातमीदार होती. म्हणजे मालिकेच्या केंद्रस्थानी एक वर्तमानपत्र होते, आणि अन्यायाला वाचा फोडण्याचे काम अंगात कसलीही दैवी शक्ती नसलेली एक नोकरदार स्त्री करीत होती. आठ वर्षांच्या मुलाला यातले सगळे कळत नसेलही. पण गीता खोटे बोलत नाही आणि घाबरत नाही, एवढे त्याला निश्चित कळत होते.

ही मांडणी अर्थातच अमेरिकेतील सुपरमॅनवरून घेतलेली. मात्र तो सुपरमॅन मुळात कसा होता, हे आज त्याच्या चाहत्यांनाही फारसे ठाऊक नसते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडमधील दोन ज्यू तरुणांनी मंदीच्या काळात त्याला घडवले आणि १९३८ मध्ये तो छापून आला. त्याच वर्षीच्या तिसऱ्या अंकातील गोष्ट अशी आहे: एका कोळशाच्या खाणीत अपघात होतो. सुपरमॅन खाणकामगाराचा वेष घेऊन चौकशी करतो, तेव्हा सुरक्षेची साधने निकामी असल्याचे आणि मालकाला त्याची फिकीर नसल्याचे त्याला आढळते. मग तो मालकाला, मेजवानीला जमलेल्या त्याच्या पाहुण्यांसकट, खाणीत उतरवतो आणि तिथे कोंडले जाण्याची वेळ त्यांच्यावर आणतो. बाहेर पडल्यावर मालक खाण सुरक्षित करण्याचे वचन देतो. तेरखेड्याच्या श्रोत्यांना या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. शोभेच्या दारूचा स्फोट म्हणजे काय, आणि स्फोटानंतरच्या चौकशीत दोष कोणाच्या पदरात पडतो, हे या गावाला व्याख्यात्यापेक्षा अधिक माहीत आहे.

पण तो सुपरमॅन टिकला नाही. तो लोकप्रिय झाला, त्याचा धंदा झाला, आणि खाणमालक त्याच्या गोष्टींतून हळूहळू दिसेनासे होऊन त्यांच्या जागी वेडे शास्त्रज्ञ आणि परग्रहावरचे शत्रू आले. उम्बेर्तो एको या इटालियन विचारवंताने १९६२ मध्ये यावर मार्मिक बोट ठेवले होते: पर्वत उचलू शकणारा हा वीर चोर-दरोडेखोरांच्या मागे धावत राहतो, मालमत्तेवरचा हल्ला एवढाच त्याला अन्याय म्हणून दिसतो. नागरिक म्हणून तो सज्जन आहे, पण राजकीय जाणीव त्याला नाही.

'शक्तिमान'ची वाटही याच उताराची. तमराज किल्विष या अंधाराच्या अधिपतीचे प्रस्थ वाढत गेले. खलनायक हरतो, नाहीसा होतो आणि पुन्हा उभा राहतो. एक संपला की त्याहून अक्राळविक्राळ दुसरा येतो. वर्तमानपत्राची कचेरी नावापुरती उरली. एकेक झुंज आठवडेच्या आठवडे लांबू लागली, आणि ज्या मुलांनी एके काळी मालिकेच्या वेळी वीज जाऊ नये म्हणून देव पाण्यात घातले होते, तीच मुले चेंडू घेऊन बाहेर पडू लागली. २७ मार्च २००५ रोजी मालिका बंद झाली तेव्हा हळहळ वाटण्याइतके प्रेक्षक उरले होते की नाही, हाही प्रश्नच आहे.

या घसरणीत एक क्षण मात्र असा आला होता, जेथून मालिकेला वेगळी वाट घेता आली असती. १९९८-९९ च्या सुमारास वर्तमानपत्रांत अस्वस्थ करणाऱ्या बातम्या येऊ लागल्या. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर कुठे मुलाने उंचावरून उडी मारली, कुठे स्वतःला पेटवून घेतले, असे त्यांत म्हटलेले असे. निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी मालिकेचा या घटनांशी संबंध असल्याचे नाकारले. त्या प्रत्येक बातमीतील तथ्य किती, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर पडद्यावरचा शक्तिमान मुलांना स्वतः सांगू लागला, की असे काही करू नका.

म्हणजे, मी येणार नाही, हेच तो सांगत होता.

संपूर्ण मालिकेतील सर्वांत सत्य बोल बहुधा हेच असावेत. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील मुलांना तर ते निराळ्या रीतीने कळण्यासारखे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. तेव्हा आकाशातून कोणी आले नाही. शेजारी आले, जवान आले, सेवादलाची आणि इतर संघटनांची मुले फावडी घेऊन आली, दूरदूरचे डॉक्टर आले. 'शक्तिमान' सुरू झाली तेव्हा या गोष्टीला चारच वर्षे झाली होती. तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यांच्या आठवणी अजून ताज्या होत्या.

आपण येऊ शकत नाही, अशी कबुली एकदा देऊन झाल्यावर कथाकाराने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: मग येते कोण? अग्निशामक दलाचा जवान येतो, परिचारिका येते, कामगारांची संघटना येते. आणि यायला हवा असतो पण येत नाही तो कारखाना निरीक्षक. या उत्तरातून मुलांसाठी किती रोमहर्षक गोष्टी निघाल्या असत्या! गीता विश्वास त्यासाठी तयारच होती. मालिकेने ती वाट धरली नाही. तिने सूचना तेवढी जोडली आणि किल्विषाला पुन्हा जिवंत केले. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' या सदरातून मुलांना स्वच्छतेचे आणि खरे बोलण्याचे धडे मिळत राहिले. ते वाईट नव्हते. पण दात न घासणारा मुलगा तेवढा चुकतो आणि त्याला गढूळ पाणी पुरवणारी नगरपालिका चुकत नाही, अशी ती नीती होती.

असे का झाले? लेखकांची प्रतिभा आटली, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. मुकेश खन्ना यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की प्रक्षेपणाच्या वेळेसाठी दूरदर्शनला पैसे त्यांनाच भरावे लागत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आरंभी हा आकडा एका भागामागे ४ लाख रुपयांच्या आतबाहेर होता. रविवारची वेळ मिळाल्यावर तो जवळजवळ दुप्पट झाला, पुढे १० लाखांच्या वर गेला, आणि त्याहूनही वाढविण्याची भाषा सुरू झाली तेव्हा मालिका थांबवावी लागली. ही त्यांची बाजू आहे. तरी तिच्यातून व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट दिसते. निर्माता जागेचे भाडे भरणार, ते बिस्किटवाल्यांकडून आणि इतर जाहिरातदारांकडून वसूल करणार, आणि जाहिरातदार मुलांची डोकी मोजून पैसे देणार. अशा व्यवहारात गोष्ट संपवणे हाच तोटा असतो. किल्विष मेला की भाडे कोण भरणार? आणखी एक सोय अशी, की अंधाराचा अधिपती कोणाचाच नातलग नसतो. तो कारखानदार नसतो, कंत्राटदार नसतो, उद्याचा जाहिरातदारही नसतो. त्याला कितीही बडवले तरी कोणी रागावत नाही.

खाजगी वाहिनीने असा व्यवहार केला असता तर नवल नव्हते. पण हे दूरदर्शन होते. आणीबाणीत आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारची बटीक झाली, म्हणून १९७७ मध्ये जनता सरकारने वर्गीज समिती नेमली आणि तिने १९७८ मध्ये स्वायत्त संस्थेची योजना मांडली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. एवढ्या प्रवासानंतर प्रसारभारती आली. आणि तिच्याच छताखाली मुलांचा रविवारचा तास भाड्याने दिला जात राहिला. १९८४ च्या 'हम लोग'पासून प्रायोजकांचा शिरकाव झालाच होता. सरकारच्या हातून सुटलेले माध्यम लोकांच्या हाती येण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हाती गेले, आणि ज्या चळवळीने स्वायत्ततेसाठी तुरुंग भोगला तिने या दुसऱ्या हस्तांतराकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

लक्ष दिले नाही, हा शब्द सौम्य आहे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची कलापथके एके काळी गावोगाव जात. अण्णाभाऊंचा फकिरा भुकेल्यांसाठी धान्य लुटतो आणि आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून स्वतः शत्रूच्या स्वाधीन होतो. त्याच्या गोष्टीला शेवट आहे, म्हणून ती विसरली जात नाही. अशा गोष्टी सांगणारे लोक रविवारी दुपारी बारा वाजता कोठे होते? त्या वेळी मुलांपुढे किरमिजी-सोनेरी पोशाखातला एकच माणूस उभा होता, कारण दुसरे कोणी उभेच नव्हते. या साध्या वस्तुस्थितीवर अभ्यासवर्गात चर्चा झाली, तर त्या मालिकेला नावे ठेवण्याचा अधिकार थोडा तरी मिळेल.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. मोठी झालेली मुले हौसेने बसली. तांत्रिक करामती आता केविलवाण्या दिसत होत्या, पण पुष्कळांना प्रारंभीचे भाग तरीही आवडले आणि नंतरचे आवडले नाहीत. यावरून करामतींचा प्रश्न नव्हताच, हे लक्षात येते. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये मुकेश खन्ना यांनी वयाच्या ६६ व्या वर्षी पुन्हा तो पोशाख चढवला आणि शाळेत स्वातंत्र्यवीरांच्या तसबिरींसमोर उभा राहिलेला शक्तिमान त्यांच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर झळकला. पुष्कळांनी चेष्टा केली. चेष्टा वयाची झाली, पोशाखाची झाली. त्या तसबिरींतल्या माणसांपैकी एकालाही उडता येत नव्हते, आणि तरीही त्यांनी काय केले व कसे केले, ही गोष्ट याही वेळी सांगितली गेली नाही, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही.

फटाक्यांच्या निर्मितीत बालकांना कामाला लावण्यास १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने स्फोटकांच्या कामात अठरा वर्षांखालील किशोरांनाही मनाई केली. या कायद्यामागे कितीजणांनी किती वर्षे खर्च केली, याची एक उत्तम मालिका होऊ शकते. तिच्यात खलनायक पुरेसे आहेत, आणि त्यांची नावे शोधायला पाताळात जावे लागत नाही. ती मालिका कोणी लिहिली तर तिला रविवारचा तास कोण देणार, आणि किती रुपयांना, हा प्रश्न प्रसारभारतीला विचारण्याचे काम अजून शिल्लक आहे.