चिंगीची वही

मांजरीच्या शीविषयी बोलायचं, तेही सकाळच्या चहाच्या वेळी, म्हणून श्रोतेहो, आधीच माफी मागून ठेवते. पण २०१८ च्या जुलैपासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली भिजत बसलेलं दोनेक महिन्यांचं पिल्लू माझ्या मुलीनं ओढणीत गुंडाळून वर आणलं. मांजर म्हटलं की दूध, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की मी सरळ फ्रिजकडेच वळले. बशीभर दूध चिंगीनं चाटूनपुसून संपवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत पाय ठेवायची सोय राहिली नाही. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची मांजरांची ताकद कमी होत जाते, हे मला नंतर कळलं. चित्रातली मांजर बशीतलं दूध पिते, पुढचं चित्र कोणी काढत नाही.

दूध बंद केलं. तरी जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, गोळ्या दिल्या. गोळी इतकी कडू, की चिंगीच्या तोंडाला फेस यायचा आणि माझ्या हातावर ओरखडे. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. मग ज्यानं जे सांगितलं ते मी केलं. दहीभात झाला, इसबगोल झालं, बाजारातलं तयार खाद्य तीन आठवड्यांत चार प्रकारचं बदललं. कोणी माणसांची तापाची गोळी पाव द्या म्हणाले. नशीब, ती नाही दिली. त्यातलं पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष असतं.

जे केलं ते मात्र त्याहून फार शहाणपणाचं नव्हतं. आमच्या घरी पोट बिघडलं की लंघन. सासूबाईंचं हे ठाम मत, आणि माझंही. ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी चिंगीचं खाणं बंद केलं. पोटाला विश्रांती मिळेल, रविवारी संध्याकाळी थोडं चिकनचं पाणी देऊ, असा हिशोब. रविवारी दुपारी ती हाक मारली तरी उठेना. कान आणि पंजे थंडगार. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती खाली बसायलाच तयार नाही. रिक्षात ती माझ्या मांडीवर कापडासारखी पडून होती आणि मी रिक्षावाल्याला उगाचच, "अहो, लवकर, लवकर," म्हणत होते.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीवर तिला ठेवलं, ग्लुकोज दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. तासाभरानं चिंगीनं डोकं उचललं. मग बाई मला म्हणाल्या, "हे लंघन तुमच्यासाठी ठेवा. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साठा कुठला? बारा तासांतसुद्धा रक्तातली साखर कोसळू शकते." पातळ शी होत असली तरी खायला द्यायचं, थोडं थोडं, चार-पाच वेळा. पिल्लू खेळतंय, खातंय तर एखादा दिवस वाट पाहता येते. पण उलट्या, शीतून रक्त, सुस्ती, खाण्याकडे पाठ, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. लस न टोचलेल्या पिल्लाला तर एका विषाणूच्या तापानं दोन-तीन दिवसांत गमावायची वेळ येते.

घरी आलो तर यजमान गप्प. रात्री म्हणाले, "मासळीबाजारात सोडून येऊ या का तिला? तिथं जगेल तरी." त्यांचा राग आला, पण त्याच दुपारी रिक्षात माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

बाईंनी दोन कामं लावली. पहिलं, तीन वेगवेगळ्या दिवसांची ताजी शी डबीतून आणायची. तोवर दीड महिना औषधं चालली होती आणि नमुना तपासायला मी एकदाही नेला नव्हता! पहिल्या डबीत काही नाही, दुसरीत काही नाही, तिसरीत जिआर्डिया सापडला. आतड्यात राहणारा हा सूक्ष्म जीव रोज बाहेर पडत नाही, म्हणून तीन डब्या. पाच दिवस औषध चाललं. पण औषधापेक्षा धुणं जास्त. शीतून पडलेली त्याची कवचं ओलाव्यात टिकतात, मांजर स्वतःचं अंग चाटते आणि तीच पुन्हा पोटात जातात. म्हणून ट्रे रोज उकळत्या पाण्यानं धुवायचा, तिचा मागचा भाग पुसायचा, अंथरूण बदलायचं. आपले हात साबणानं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं काम वहीचं. मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत रोज चार रकाने: काय खाल्लं, किती वेळा, शी कशी, वजन. वजन वाण्याच्या काट्यावर, कापडी पिशवीत घालून. या वयात पिल्लानं महिन्याला साधारण अर्धा किलो वाढायला हवं. साडेचार महिन्यांची चिंगी भरली एक किलो दोनशे ग्रॅम. आणि खाणं एकच: मीठ, हळद, कांदा-लसूण काही न घालता उकडलेलं चिकन आणि बाईंनी दिलेलं पोटाचं खाद्य. महिनाभर दुसरं काही नाही. एका वेळी दहा गोष्टी बदलल्या, तर कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं हे कळणार कसं?

जिआर्डिया गेला, तपासणीत दिसेनासा झाला. शी घट्ट होऊ लागली. पण पूर्ण नाही. वही उघडून बसले तेव्हा मुलीनंच दाखवलं: "आई, शुक्रवार बघ." चार आठवडे, चारही शुक्रवारी पातळ. गुरुवारी आमच्याकडे वेगळं काहीच नसतं. समोरच्या काकूंकडे असतं. त्या दत्ताला दुधाचा नैवेद्य दाखवतात.

"काकू, तुम्ही चिंगीला काही देता का हो?"

"काही नाही गं, नैवेद्याचं एवढंसं दूध. दारात येऊन बसते, मुकं जनावर ते. तिला सोडून मी कशी पिऊ?"

मी त्यांना वही दाखवली. काकूंनी चष्मा लावून चारही शुक्रवार वाचले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारपासून त्या नैवेद्य दाखवायच्या आधी दार लावून घेऊ लागल्या. चिंगी बाहेर बसून ओरडायची. पहिल्या गुरुवारी आपणही आत बसून रडलो, हे काकूंनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. डिसेंबरात वाण्याच्या काट्यावर चिंगी अडीच किलो भरली. पिशवीतून बाहेर पडून ती सरळ त्याच्या गुळाच्या ढेपेवर जाऊन बसली, तेव्हापासून वाण्यानं वजन करून द्यायचं बंद केलं.