होनिंग्सवोगचें बंदर

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यानें सफरीची आगबोट निघाली, कीं बहुतेक उतारूंचें चित्त नॉर्डकॅपच्या भूशिरावर लागलेलें असतें. मागेरोया बेटावरील होनिंग्सवोग ह्या कोळ्यांच्या गांवीं बोट धक्क्याला लागते ती त्यासाठींच. उतारू खालीं येतात, मोटारबसमध्यें बसतात आणि ३० किलोमीटरांहून थोडें अधिक दूर असलेल्या त्या ३०७ मीटर उंचीच्या कड्याकडे निघून जातात.

कडा अवश्य पाहावा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथें सूर्य मावळत नाहीं. अर्थात् तो दिसण्यास धुकें नसावें लागतें, आणि तेथील धुकें पाहुण्यांची भीड ठेवीत नाहीं! स्वीडन व नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर १८७३ सालीं तेथें जाऊन आला. पुढें प्रवाशांची रीघ वाढली.

परंतु माझें सांगणें असें, कीं तासभर तरी गांवासाठीं राखावा. दोन-अडीच हजार वस्तीचें हें गांव प्रथमदर्शनीं कांहींसें निराशच करतें. लांकडी घरें रंगीत, नीटनेटकीं. पण जुनेपणाची खूण म्हणून कोठें दिसत नाहीं. ह्याचें कारण १९४४ सालच्या अखेरीस घडलें. पूर्वेकडून रशियन फौजा पुढें सरकत होत्या. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शत्रूला निवारा मिळूं नये म्हणून फिनमार्क प्रांतांतील लोकांना घराबाहेर काढलें आणि गांवेंच्या गांवें जाळलीं. होनिंग्सवोगमध्यें उभें राहिलें तें फक्त एक पांढरें लांकडी चर्च, १८८५ सालीं बांधलेलें.

१९४५ सालीं युद्ध संपतांच माणसें परत येऊं लागलीं. घरें नव्हतीं, म्हणून चर्चमध्येंच संसार थाटले गेले. बराकी उभ्या राहीपर्यंत प्रार्थनेच्या त्या जागेनेंच छप्पर दिलें. आणि हिवाळा कोणता? नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून सुमारें दोन महिने जेथें सूर्य उगवतच नाहीं, तेथला!

मग परतावयाचें कशासाठीं? तर समुद्रासाठीं. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळें इतक्या उत्तरेसही हें बंदर गोठत नाहीं. वसंतांत कॅपेलिन नांवाच्या बारीक मासळीमागें कॉडचे थवे किनाऱ्याला येतात. तो कॉड लांकडी मांडवांवर, मीठ न लावतां, थंड वाऱ्यांत वाळवितात. घर जळालें तरी हें धन जळालेलें नव्हतें.

तें चर्च आजही उभें आहे. धक्क्यापासून तेथें पायीं जातां येतें. बस लागत नाहीं.