कामाची मोजदाद
(सुवर्णमहोत्सवानिमित्त अंबत्तूर येथे दिलेल्या भाषणावरून)



अंबत्तूरला १९४९ साली सायकलींचा कारखाना आला आणि १९६४ च्या सुमारास शासनाने औद्योगिक वसाहत वसविली. आज त्याच वसाहतीत लेथ फिरतो, निर्यातीचे कपडे शिवले जातात आणि काचेच्या इमारतींत संगणकासमोर रात्रपाळीही होते. हे सारे ‘काम’ या एका शब्दात बसवावयाचे, तर अभ्यासकाने ते मोजावे कसे?

मार्क होल्मस्ट्रॉम या मानववंशशास्त्रज्ञाने बंगलोरच्या कारखान्यांतील कामगारांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. कायम नोकरी म्हणजे तटबंदीचा गड. आत शिरला तो सुरक्षित, बाहेर राहिला तो उघड्यावर, असे त्यातील चित्र होते. १९८४ च्या ग्रंथात त्यानेच ते दुरुस्त केले. तट नव्हे, ही चढण आहे. कोणी वर, कोणी खाली, अधेमधे पुष्कळ. आपले मत असे छापून बदलणारे विद्वान विरळाच! कायम आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रापाशी उभे असलेले ज्यांनी येथे पाहिले आहेत, त्यांना ही चढण समजावून सांगावयास नको.

माझा मुद्दा मात्र याहून घरगुती आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकाम करणाऱ्यांसाठी आणि घरच्यापुरते शिवणटिपणही करणाऱ्यांसाठी ९२ व ९३ हे संकेतांक ठरले. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेरचे. ‘आपण काय करता?’ असे विचारले की उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ १९९८-९९ साली तमिळनाडूसह सहा राज्यांत वेळेच्या विनियोगाची पाहणी झाली, तेव्हा प्रश्नच बदलला. चोवीस तासांतला प्रत्येक तास कसा गेला, ते सांगा! सबंध देशाची अशी पहिली पाहणी व्हावयास २०१९ साल उजाडावे लागले.

आपल्या मंडळाची जुनी नोंदवही मी परवा चाळली. पुरुषांच्या नावांपुढे फिटर, फोरमन, हिशेबनीस; स्त्रियांपुढे एकजात ‘गृहिणी’. त्यांतल्या एकीने वीस वर्षे शिकवण्या घेतल्या, दुसरीने निर्यातीच्या सदऱ्यांना घरी बसून काजे-बटणे केली, हे येथे कोणास ठाऊक नाही? अशा तिघीचौघी आज समोरच बसल्या आहेत. कार्यवाहांना विनंती, की चहाच्या वेळी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. आणि ‘काय करत होता’ असे न विचारता, पहाटे किती वाजता उठत होता, येथून सुरुवात करावी.