वाचकाचा आनंद एक, दारे अनेक

(बुलढाणा येथे वाचनप्रेमी नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'सामान्य वाचकाला पुस्तकात नेमके काय आवडते?' हा आजचा विषय. दिसायला हा प्रश्न सोपा आहे. पण आपल्याकडे तो फारसा विचारला जात नाही. समीक्षकाला काय रुचते यावर विपुल लेखन झाले आहे. मात्र दिवसभराचे काम आटोपून जो ग्रंथालयाच्या देवघेव विभागात येतो, त्याला कोणी काही विचारत नाही. 'आता लोक वाचत नाहीत हो,' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. लोक काय वाचतात, का वाचतात, हे न पाहताच दिलेला हा निकाल आहे, असे मला वाटते.

थोडे मागे जाऊ. सन १९२१ मध्ये बडोद्याला साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी 'केसरी'चे संपादक साहित्यसम्राट न. चिं. केळकर होते. वाङ्मय वाचताना होणाऱ्या आनंदाचे स्वरूप सांगताना त्यांनी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. शब्द जड वाटला तरी अर्थ साधा आहे. वाचक दुसऱ्याच्या जीवनाशी तन्मय होतो. पण आपण कोण आहोत, हे तो विसरत नाही. घरच्या ओसरीवर बसूनच तो रणांगणावर जातो, राजवाड्यात जातो, आणि स्वयंपाकघरातून हाक आली की 'आलो' म्हणून उठतो. मला वाटते, सर्व प्रकारच्या पुस्तकांतला आनंद मुळात हाच आहे. प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाचे दार तेवढे वेगळे. आपल्या जिल्ह्याच्या आधारानेच यातली काही दारे उघडून पाहू.

पहिले दार पोथीचे. संतकवी दासगणू महाराजांच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय या भागात किती घरांत नियमाने वाचले जातात, हे आपल्याला सांगायला नकोच. पारायणामागे श्रद्धा आहे, हे खरेच. पण केवळ श्रद्धेने तोच मजकूर वर्षानुवर्षे गोड लागत नाही. या ग्रंथात शेगाव आहे, अकोला आहे, अकोट आहे, बाळापूर आहे. पाटील आहेत, सोनार आहेत, व्यापारी आहेत. शिवजयंतीच्या निमित्ताने झालेली लोकमान्य टिळकांची अकोल्याची सभाही आहे. म्हणजे चरित्र, चमत्कार, विनोद आणि चालू काळाचा इतिहास एकाच ओवीच्या लयीत आला आहे. आपल्या ओळखीची गावे आणि आपल्यासारखी माणसे ग्रंथात भेटण्याचे समाधान फार मोठे असते. एकही कादंबरी न वाचलेली आजी पोथीतला पुढचा प्रसंग ठाऊक असूनही पान उलटताना सावरून बसते. तिला 'वाचक' न म्हणणे हा आपल्या व्याख्येचा दोष आहे.

दुसरे दार रहस्यकथेचे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक महाराष्ट्राच्या काही पिढ्यांचे सोबती होते. त्या पुस्तकांना वाङ्मयाच्या पंक्तीत पाट मिळाला नाही. पण मराठी मुलाला सलग शंभर पाने वाचण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. रहस्यकथेत गोंधळातून व्यवस्था निर्माण होते, गुन्हा उघड होतो, अपराधी सापडतो. प्रत्यक्षात न्यायासाठी वर्षानुवर्षे तारखा मोजणाऱ्या माणसाला दीडशे पानांत न्याय झालेला पाहून बरे वाटते. यात हसण्यासारखे काय आहे?

रहस्यकथेत काय घडले, हे शेवटपर्यंत कळत नाही. ऐतिहासिक कादंबरीत काय घडले, हे पहिल्या पानाआधीच ठाऊक असते, तरीही वाचकाला ती सोडवत नाही. हे तिसरे दार. सिंदखेडराजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी. तिथल्या मुलाला शिवचरित्राचा शेवट ठाऊक नाही, असे होईल का? पण त्या मोठ्या घटनांच्या वेळी त्या माणसांच्या मनात काय चालले असेल, हे त्याला अनुभवायचे असते. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली. माधवराव पेशव्यांचा आणि कर्णाचा शेवट कोणाला ठाऊक नव्हता? तरी ही पुस्तके घरोघरी गेली. येथे एक सावधगिरी मात्र हवी. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. देसाईंच्याच 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची विस्तृत प्रस्तावना आहे. पुष्कळ वाचक ती ओलांडून थेट कथेला हात घालतात. त्यांनी कथा संपल्यावर तरी ती वाचावी. भावनेने भारलेल्या वाचकाला पुराव्याची शिस्त काय असते, हे ती शिकवते. आणि आपल्या थोर पुरुषांविषयी आदर असणाऱ्यांना ही शिस्त अधिकच हवी.

चौथे दार विज्ञानाचे. सन १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. ते नाव जयंत विष्णू नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतले होते. आपल्या कीर्तीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये, म्हणून ही युक्ती. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या संशोधनातले एक समीकरणही ठाऊक नसलेल्या अनेकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले, ते त्यांच्या गोष्टींमुळे. आपल्याकडे तर लोणार आहे. तिथल्या मुलाच्या कानावर लवणासुराची कथा पडते, आणि अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात हे विवर झाले, हेही तो शिकतो. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क निघाले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासातून खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे कारण स्पष्ट झाले. कारण कळल्याने नवल कमी झाले का? उलट वाढले! विज्ञानाचे चांगले पुस्तक वाचकाला हाच आनंद देते.

आता सर्वांत अवघड दाराकडे येतो. आपल्याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकून-सवरूनही नोकरी न मिळालेला एकनाथ, हातातून निसटत चाललेली शेती, घरातली धुसफूस असे तिचे जग आहे. कोणी विचारील, 'ज्याच्या घरात हेच चालले आहे, त्याने हे पुस्तकात का वाचावे? आणि वाचले, तर त्यात आनंद कसला?'

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. करुणरसातून आनंद कसा होतो, याचा खल आपल्या साहित्यशास्त्राने शतकानुशतके केला आहे. आपले मूळ विदर्भातील पद्मपुराचे असल्याचे सांगणाऱ्या भवभूतीने तर करुणालाच सर्व रसांच्या मुळाशी मानले. माझे उत्तर पत्रकाराचे आहे. वृत्तपत्रात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी चार ओळींची असते. नाव, गाव, वय, कर्जाचा आकडा. त्यात त्या माणसाचे बोलणे नसते. 'बारोमास'मध्ये माणसे आपल्या वऱ्हाडी बोलीत भांडतात, रडतात, टोमणे मारतात. आपले दुःख आपल्याच बोलीत, नेटके मांडलेले समोर आले की, ते आपल्या एकट्याचे राहत नाही. दुःख तेवढेच असते, पण त्याचा एकाकीपणा कमी होतो. हा आनंद हसण्याचा नसेल. पण ज्याने तो घेतला, त्याला तो ठाऊक आहे. आणि शहरातल्या वाचकाने तेच पुस्तक वाचले, तर बाजारात भाव करताना समोरच्या शेतकऱ्याकडे तो जरा निराळ्या नजरेने पाहील. समाज एकसंध व्हावा, असे आपण म्हणतो. त्याचा आरंभ दुसऱ्याच्या घरात मनाने शिरण्यापासून होतो, आणि ते काम पुस्तक करते.

याच जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशमुख नव्हे, ना. घ. देशपांडे यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या स्वरात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताला मोठी वाट मिळाली. ती गुणगुणणाऱ्या कितीतरी जणांनी त्यांचा संग्रह हातीही धरला नसेल. कविता अशी कानानेही वाचली जाते.

मग या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? मुलांच्या हाती 'संस्कारक्षम' पुस्तकेच पडावीत, असा आपल्यासारख्या कुटुंबांचा आग्रह असतो. हेतू चांगलाच आहे. परंतु न वाचलेले पुस्तक कोणताही संस्कार करीत नाही. बक्षीस मिळालेले थोर पुरुषाचे चरित्र कपाटात कोरे राहते, आणि उसनी आणलेली भुताची गोष्ट रात्री जागून संपते. अशा वेळी हातातली गोष्ट हिसकावून चरित्र पुढे केले, तर मुलगा दोन्ही टाकून मोबाईल उचलतो. सगळी पुस्तके सारख्याच योग्यतेची आहेत, असे माझे म्हणणे नाही. पण अधिक चांगले काय, हे वाचकाला वाचता-वाचताच कळते. बाहेरून लादता येत नाही.

म्हणून दोन विनंत्या. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्या मंडळींनी नवी खरेदी ठरवण्यापूर्वी देवघेवीची नोंदवही चाळावी आणि कोणत्या पुस्तकांची पाने वापरून सुटी झाली आहेत, हे पाहावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला 'काय शिकलास?' हे विचारण्याआधी 'काय आवडले?' असे विचारावे. तो सांगू लागला की, मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे.